बिनआयोडीनचे चौदा दिवस

पाकिटावरचं बारीक अक्षर कसं वाचायचं, हे मला कुणी शिकवायला येऊ नये. ते अक्षर बारीक करणारा माणूस मीच आहे. गेली बावीस वर्षं मी एका छापखान्यात खाण्याच्या वस्तूंची लेबलं जुळवतो. कंपनी वीतभर मजकूर पाठवते आणि जागा देते दोन बोटं. त्या दोन बोटांत साखर, मीठ, रंग, वास, टिकवण्याची पावडर आणि तक्रारीचा फोन नंबर असं सगळं कोंबून बसवणं हे माझं काम. तुम्ही कधी दुकानात एखादं पाकीट डोळ्यांपासून लांब धरून, मग जवळ धरून, मग चष्मा काढून वाचायचा प्रयत्न केला असेल आणि शेवटी वैतागून ते तसंच टोपलीत टाकलं असेल, तर त्या वैतागात माझा मोठा वाटा आहे.

त्यामुळे बायकोला बिनआयोडीनचं पथ्य लागलं तेव्हा घरात सगळ्यात निर्धास्त मी होतो. मला वाटलं, हा तर आपला घरचाच विषय.

तिच्या गळ्यात गाठ निघाली होती. मी गाठच म्हणतो. डॉक्टर दुसरा शब्द वापरत. ऑपरेशन करून गाठ काढली, तिच्यासकट सगळी थायरॉइड ग्रंथी काढली. बायको शाळेत गणित शिकवते. शेवटच्या बाकावर झोपलेला मुलगा दचकून उठेल असा तिचा आवाज. ऑपरेशननंतर तो इतका खाली गेला की स्वयंपाकघरातून हाक मारली तर बैठकीत पोचेना. डॉक्टर म्हणाले, आवाज येईल हळूहळू. पण ग्रंथीचे काही बारीक अंश आत राहिलेले असतात, त्यांचा बंदोबस्त करायला हवा. ते अंश आयोडीनचे भुकेले असतात. म्हणून आधी दोन आठवडे त्यांना आयोडीन अजिबात मिळू द्यायचं नाही, आणि मग किरणोत्सारी आयोडीनची एक कॅप्सूल द्यायची. भुकेले अंश ती हावरटासारखी ओढून घेतात आणि मरतात.

"म्हणजे आधी उपाशी ठेवायचं आणि मग जेवणातून विष घालायचं," बायको म्हणाली. डॉक्टर म्हणाले की साधारण तसंच.

या सगळ्यासाठी तिची रोजची थायरॉइडची गोळीही काही आठवडे बंद ठेवली होती. ती गोळी बंद झाली की माणूस कसा होतो ते मी तोवर पाहिलं नव्हतं. तिला भर दुपारी थंडी वाजायची. दोन मोजे आणि शाल घेऊन ती खिडकीशी बसायची. चेहरा सुजल्यासारखा, हालचाल संथ. साधी बेरीज करायला तिला थांबावं लागे, आणि थांबावं लागलं की ती भिंतीकडे बघायची.

दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी यादी दिली. आयोडीनवालं मीठ नाही, समुद्रातलं काही नाही, दूध आणि दुधाचं काही नाही, अंड्यातला पिवळा भाग नाही, बेकरीतला पाव नाही, सोयाबीन नाही, आणि खाण्याच्या लाल रंगांपैकी एकात आयोडीन असतं तो नाही. यादी देऊन त्या म्हणाल्या की हे सगळं पाठ करायची गरज नाही. ताजं आणा, बिनआयोडीनचं मीठ घालून घरी शिजवा, पाकिटातलं टाळा, झालं.

मी त्यांना सांगितलं की पाकिटांचं तुम्ही माझ्यावर सोडा. बायकोने माझ्याकडे पाहिलं, पण बोलायला आवाज लागतो म्हणून ती काही बोलली नसावी.

पहिल्याच दिवशी मी स्वयंपाकघरातली फळी रिकामी केली. टेबलावर एक्केचाळीस पाकिटं, डबे आणि बाटल्या मांडल्या. छापखान्यातून भिंग आणलं, वही आणली, आणि प्रत्येक पाकिटाला एक पान दिलं. मक्याच्या लाह्या: मीठ, प्रकार लिहिलेला नाही, संशयित. टोमॅटो सॉस: मीठ, रंग, संशयित. ओट्स: पास. मिरपूड: पास, पण कारखान्यात अजून काय दळतात कोण जाणे, म्हणून पुन्हा संशयित.

बायकोची मोठी बहीण आमच्याकडे मुद्दाम राहायला आली होती, स्वयंपाकासाठी. ताईंनी भाज्यांचं सूप केलं. मी त्यांना विचारलं की यात काय काय घातलंय. त्यांनी सांगितलं. मी लिहून घेतलं. मग विचारलं की मीठ कोणत्या डब्यातलं. त्यांनी डबा दाखवला. मी विचारलं की चमचा आधी दुसऱ्या मिठाच्या डब्यात गेला होता का. ताईंनी चमचा ओट्यावर ठेवला.

"तीस वर्षं मी लोकांना जेवू घालतेय. जबाब आज पहिल्यांदा देतेय," त्या म्हणाल्या, आणि संध्याकाळच्या गाडीने आपल्या घरी निघून गेल्या.

तेव्हा स्वयंपाक माझ्याकडे आला. मला बटाटे उकडता येत होते, म्हणून पहिले तीन दिवस आम्ही बटाटे खाल्ले. चौथ्या दिवशी मी घरी पाव भाजला. तो कापायला सुरी चालेना, तेव्हा मी हत्यारांच्या पेटीतली करवत धुऊन घेतली. बायकोने एक तुकडा पाण्यात बुडवून खाल्ला आणि म्हणाली की चांगला आहे. इतकं खोटं ती एरवी बोलत नाही. मला फार वाईट वाटलं.

बटाट्यांबरोबर तिला काहीतरी गोड, चवदार मिळावं म्हणून मी दुकानात गेलो. तिथे पाऊण तास भिंग घेऊन उभा होतो. फळीवर लाल जॅमची एक बरणी होती. उचलली, मागे फिरवली, आणि मजकूर ओळखीचा निघाला. मीच जुळवला होता. 'परवानगी असलेला खाद्यरंग' एवढंच लिहिलं होतं. रंगाला एक नंबर असतो, त्यावरून तो आयोडीनचा की बिनआयोडीनचा ते कळतं. नंबर नव्हता. आणि तो का नव्हता हेही मला आठवलं. दोन वर्षांपूर्वी जागा पुरेना म्हणून तो मीच काढला होता, आणि नंतर तो कुणालाच आठवला नाही.

बरणी मी विकत घेतली, कारण तिच्यावर तक्रारीचा फोन नंबर होता. तोही मीच बसवला होता, भिंगाशिवाय दिसणार नाही असा. दुसऱ्या दिवशी सकाळी छापखान्यातून मी त्यावर फोन लावला. फोन घेणाऱ्या बाईंना मी सांगितलं की मी तुमच्या लेबलांच्या छापखान्यातून बोलतोय, तुमच्या जॅमच्या लेबलावर रंगाचा नंबर गेलाय, माझ्या बायकोच्या गळ्याचं ऑपरेशन झालंय, तेव्हा तो रंग कुठला ते मला ताबडतोब कळायला हवं.

यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. फक्त ज्या क्रमाने मी ती बोललो, तो क्रम चुकला.

बाईंनी त्यांच्या साहेबांना सांगितलं की छापखान्याने लेबलात रंगाची चूक केली आणि एका बाईंच्या गळ्याचं ऑपरेशन करावं लागलं. साहेबांनी कारखान्याच्या व्यवस्थापकांना सांगितलं की जॅममधल्या रंगाने एका बाईंचा गळा गेला. दुपारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्या बाई अत्यवस्थ झाल्या होत्या. कारखान्याच्या दारात भरून उभे असलेले दोन ट्रक रिकामे करायला घेतले. आणि आमच्या मालकांना फोन आला.

मालक वयस्कर आणि मृदू बोलणारे आहेत. त्यांनी मला आत बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाले, "तुझी बायको आपल्या लेबलापायी अत्यवस्थ आहे, आणि तू इथे बसून बिस्किटांची वेष्टनं जुळवतोयस?"

मी सांगायचा प्रयत्न केला, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते मला घेऊन थेट जॅमच्या कारखान्यात गेले. तिथे व्यवस्थापक, त्यांचा वकील आणि रंग विकणारा माणूस असे तिघं टेबलामागे बसले होते. वकिलाने वही उघडून दवाखान्याचं नाव विचारलं. मी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली: गाठ, ऑपरेशन, गोळी बंद, उपाशी अंश, भिंग, बरणी. बायकोने जॅम खाल्लेलाच नाही, हे सांगेपर्यंत अर्धा तास गेला. वकिलाने वही मिटली. व्यवस्थापकांनी विचारलं की आता कशा आहेत तुमच्या मिसेस. मी म्हणालो, थंडी वाजते त्यांना. रंग विकणाऱ्या माणसाने खालच्या आवाजात सांगितलं की साहेब, तो रंग बीटाचा आहे, त्यात आयोडीनबियोडीन काही नसतं.

लेबल नव्याने छापायचं ठरलं. त्यात रंगाचा नंबर घातला. जागा मला सापडली. तक्रारीच्या फोन नंबराचं अक्षर आणखी बारीक केलं.

बरणी घेऊन संध्याकाळी घरी आलो तर बायको खिडकीशी नव्हती. फोनजवळच्या खुर्चीत डोळे मिटून बसली होती. तिला मी सगळी हकिगत सांगितली. ती शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "पण मला जॅम आवडत नाही."

चोवीस वर्षांच्या संसारात हे मला माहीत नव्हतं.

तिचा आवाज त्या संध्याकाळी अगदीच बसला होता. विचारलं तेव्हा कळलं की दुपारभर फोन येत होते. आधी छापखान्यातल्या लोकांचे, मग कारखान्यातल्या, मग कुणाकुणाचे. सगळ्यांना तिची शेवटची तब्येत विचारायची होती. उचलला नाही तर लोक घरी येतील, म्हणून तिने प्रत्येक फोन उचलला आणि सांगितलं की मी जिवंत आहे. एकोणीस वेळा. तिने मोजले होते. बोलून बोलून घशाला ओरखडे पडल्यासारखं झालं होतं.

मला घरात उभं राहवेना. तसाच आल्या पावली औषधाच्या दुकानात गेलो. घसा दुखतोय म्हटल्यावर दुकानदाराने गुळण्यांच्या औषधाची एक बाटली काढली. मी भिंग काढलं आणि सवयीप्रमाणे बाटली उलटी फिरवली. आम्ही लेबलवाले पुढची बाजू बघतच नाही. पुढे नाव असतं, चित्र असतं, मोठमोठी अक्षरं असतात. खरं काय ते मागे. मागे लिहिलं होतं: इतर घटक, ग्लिसरीन, पुदिन्याचा वास, शुद्ध पाणी. मी दुकानदाराला विचारलं, यात लाल रंग आहे का. नाही म्हणाला. मीठ? नाही. दूध? त्याने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि सांगितलं की गुळण्यांच्या औषधात दूध नसतं.

वहीत लिहिलं: पास.

पुढचे चार दिवस, दिवसातून तीनदा, मी स्वतः औषध मोजून कोमट पाण्यात घालून ग्लास तिच्या हातात दिला. बाटली तिच्यासमोर आणलीच नाही. तिला उगाच उठबस नको म्हणून सगळं ओट्यावरच तयार करायचो. पहिल्या दिवशी ती म्हणाली की याला दवाखान्यासारखा वास येतो. मी म्हणालो की गोळी बंद आहे ना, तुला सध्या सगळ्याला दवाखान्यासारखाच वास येणार. तिने गुळण्या केल्या. घसा मात्र दोन दिवसांत बरा झाला, आणि मला माझाच अभिमान वाटला.

तेराव्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. कॅप्सूल द्यायच्या आधी लघवी तपासतात, शरीरातलं आयोडीन किती उतरलंय ते बघायला. आम्ही बाहेर बाकावर बसलो. माझ्या पिशवीत वही होती. आहारतज्ज्ञ बाईंना ती दाखवायची असं मी मनाशी ठरवलं होतं. इतर रुग्णांना उपयोगी पडेल, कदाचित त्या तिच्या प्रतीही काढून घेतील, असं माझ्या डोक्यात चाललं होतं.

बाईंनी आम्हाला आत बोलावलं तेव्हा डॉक्टरही तिथे होते. बाई म्हणाल्या की आयोडीन उतरलेलं नाही. उतरणं तर सोडाच, पथ्य न पाळणाऱ्यांचं असतं त्याच्या कितीतरी पट जास्त आहे.

मी म्हणालो, यंत्र बिघडलं असेल. डॉक्टर म्हणाले की दोनदा तपासलं. मग मी वही पुढे केली. बाईंनी ती खरंच मन लावून वाचली. सगळी पानं वाचली. पावाचं पान वाचताना त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. शेवटी वही ठेवून त्या म्हणाल्या की यात बोट ठेवायला जागा नाही. मग बायकोकडे वळून त्यांनी विचारलं की खाण्याव्यतिरिक्त तोंडात काही गेलं होतं का.

"गुळण्या," बायको म्हणाली.

बाटली माझ्या पिशवीतच होती, दुपारच्या गुळण्यांसाठी आणलेली. मी ती टेबलावर ठेवली, मागची बाजू बाईंकडे करून, म्हणजे त्यांना घटक नीट वाचता यावेत. बाईंनी घटक वाचले नाहीत. त्यांनी बाटली फिरवली आणि तिची पुढची बाजू माझ्यासमोर धरली. तिथे माझ्या अंगठ्याच्या नखाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: पोव्हिडोन आयोडीन.

भिंगाची काही गरज नव्हती. मी तरी ते हातात घेऊन बसलो होतो.

डॉक्टरांनी समोरचे कागद सारखे केले आणि सांगितलं की आता कॅप्सूल देऊन उपयोग नाही. अंगातलं आयोडीन निघून जायला वेळ द्यावा लागेल. तोवर गोळी पुन्हा सुरू करू, मग पुन्हा बंद करू, मग पुन्हा दोन आठवडे पथ्य. अडीच महिने तरी पुढे गेलं असं समजा. एवढ्या उशिराने धोका नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. म्हणजे ती थंडी, ते मोजे, ती भिंतीकडे बघत केलेली बेरीज, हे सगळं तिला पुन्हा पहिल्यापासून करायचं होतं.

परत येताना ती गाडीत खिडकीबाहेर बघत होती. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं, पण ओरडायला तिच्याकडे आवाज नव्हता. घरी आल्यावर तिने ती वही मागून घेतली आणि कपाटात सर्वांत खाली, जुन्या चादरींखाली ठेवली. मग ताईंना फोन लावायला सांगितला. मी ताईंची माफी मागितली. त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. एवढंच विचारलं की पुढचं पथ्य कधीपासून.

दुसऱ्या खेपेला घरात एकही पाकीट आलं नाही. ताई सकाळी भाजी आणत, भात, बटाटे, फळं, अंड्याचा पांढरा भाग, रोज तेच आणि रोज वेगळ्या चवीचं. कुणी काही तपासत नव्हतं, कारण तपासण्यासारखं काही नव्हतं. हे आहारतज्ज्ञ बाईंनी मला पहिल्याच दिवशी एका वाक्यात सांगितलं होतं. मला काम होतं बटाटे धुण्याचं. मी ते मनापासून केलं.

या वेळची तपासणी स्वच्छ आली. एका नर्सने जाड धातूच्या डब्यातून कॅप्सूल आणली, बायकोने ती गिळली, आणि तिला एकटीला तीन दिवस बंद खोलीत ठेवलं. मी काचेपलीकडे उभा राहायचो. चौथ्या दिवशी तिला घरी सोडलं. कॅप्सूलचे किरण अजून तिच्या अंगातून बाहेर पडत होते, म्हणून आठवडाभर कुणी तिच्या दोन मीटरच्या आत फार वेळ बसायचं नाही, एवढी एकच अट घातली. नंतरच्या तपासणीत आतले अंश गेलेले दिसले. पण ते खूप पुढे. मला सांगायचं आहे ते त्या आठवड्यातल्या एका दुपारचं.

ती खिडकीशी बसली होती, मी समोर, दोन मीटरांवर खुर्ची टाकून. ताई बाजारात गेल्या होत्या. मधे फरशी मोकळी. ती म्हणाली की ऑपरेशन झाल्यापासून तिला एक गोष्ट विचारायची होती, पण आवाज नव्हता आणि मला वेळ नव्हता.

"तू घाबरला होतास का रे?"

मी म्हणालो की तसं काही नाही, मी कामात होतो ना, पाकिटं होती, वही होती.

"मी घाबरले होते," ती म्हणाली. "कॅन्सर म्हटल्यावर माणूस घाबरतोच. मला वाटायचं, कुणीतरी नुसतं शेजारी येऊन बसावं. तू ओट्यापाशी भिंग घेऊन उभा असायचास. बटाट्याच्या सालीवर काही लिहिलंय का ते बघत असल्यासारखा."

मी हसायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही. मग मी खरं सांगितलं. तो शब्द डॉक्टरांनी उच्चारला त्या दिवसापासून मला रात्री झोप नव्हती. काहीतरी वाचत राहिलं की तो ऐकू येत नसे, म्हणून मी वाचत राहिलो. लाह्यांचं पाकीट तर मी तीनदा वाचलं होतं. हे सांगताना मी कधी उठलो आणि तिच्याकडे चालायला लागलो ते मला कळलं नाही.

तिने हात वर केला, वर्गात करते तसा.

"तिथेच. अजून दोन दिवस आहेत."

मी परत येऊन बसलो. पुन्हा माझ्यामुळे काही चुकायला नको, म्हणून खुर्ची आणखी थोडी मागे सरकवली. मग आणखी थोडी. ती काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही. मी कानामागे हात धरला. तिने मान हलवली, खोल श्वास घेतला आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून म्हणाली की नियम दोन मीटरचा आहे, तुला हद्दपार नाही केलेलं, जरा पुढे ये.